सामाजिक न्यायाचं अर्बन डिझाइन: आयुष्यभर हेच काम करता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे आर्किटेक्ट आहेत, नोकरीला पाच-सहा वर्षं झाली आहेत, हातात निवासी टॉवर आणि ऑफिसच्या इमारती आहेत आणि मन त्यात रमत नाही. शहराच्या वाटणीत ज्यांच्या पदरात काहीच पडत नाही, त्यांच्यासाठी इथून पुढे काम करायचं आहे. त्यांना तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: यावर पोट भरतं का, यात आर्किटेक्टने नेमकं करायचं काय, आणि सुरुवात आणखी एका पदवीने करावी की थेट कामाने.

पोट भरतं. त्याबद्दल शेवटाकडे लिहितो, कारण पैशाचा प्रश्न कामाच्या स्वरूपावर अवलंबून आहे आणि तिथेच बहुतेकांची गफलत होते.

या क्षेत्रात येणारे तरुण आर्किटेक्ट सहसा एक समजूत घेऊन येतात. गरिबांच्या वस्त्या वाईट आहेत, कारण चांगल्या डिझायनरने त्या कधी हातात घेतल्या नाहीत. आपण घेतल्या की सुधारतील. माझा अनुभव असा, की कागदावर पहिली रेघ पडायच्या आत न्याय-अन्यायाचा बराचसा निकाल लागलेला असतो. जमीन कुठली, घर कुणाकुणाला मिळणार, पैसे कुठल्या क्रमाने सुटणार आणि बांधून झाल्यावर देखभाल कोण करणार, हे चार निर्णय कुणीतरी आधीच घेऊन टाकलेले असतात. मग आर्किटेक्टला बोलावणं येतं. त्याने कितीही जीव ओतून प्लॅन काढला तरी तो त्या चौकटीतच बसतो. म्हणून माझ्या लेखी हे करिअर म्हणजे ड्रॉइंगवरून उठून, हे चार निर्णय जिथे होतात त्या टेबलांपर्यंत पोचणं आणि तिथे टिकण्यासाठी लागणारी विद्या शिकणं. ही विद्या कॉलेजात फारशी शिकवत नाहीत.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या बायकर वस्तीचं उदाहरण मी नेहमी देतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या जुन्या कामगारवस्तीच्या पुनर्वसनाचं काम आर्किटेक्ट राल्फ अर्स्किन यांच्याकडे आलं. त्यांनी ऑफिस थाटलं ते वस्तीतच, अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्यांच्या एका बंद पडलेल्या दुकानात. दार कायम उघडं. कुणीही यावं, आपल्या घराचं काय होणार ते विचारावं, भांडावं. बांधकामही असं झालं की आज त्या इमारतींना वारसा म्हणून कायद्याचं संरक्षण आहे. लोकसहभागाचा धडा म्हणून याहून चांगलं उदाहरण शोधूनही सापडणार नाही. आणि तरीही मूळ रहिवाशांपैकी बहुसंख्य लोक नव्या बायकरमध्ये राहायला आलेच नाहीत. जुनी घरं पाडणं आणि नवी उभी राहणं यात वर्षं गेली, तोवर माणसं पांगली. आधी पाडायचं की आधी बांधायचं, एका वेळी किती गल्ल्या रिकाम्या करायच्या, हे वेळापत्रक उघड्या दाराच्या ऑफिसात ठरत नव्हतं.

चारांपैकी सर्वांत कमी चर्चा होते ती यादीची, म्हणजे घर कुणाकुणाला मिळणार या निर्णयाची. तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

वस्तीच्या सर्वेक्षणाला गेल्यावर काय दिसतं ते सांगतो. बाहेरून एक दार, दारावर रंगाने एक नंबर. आत गेलं की मागच्या भिंतीला टेकवलेली लोखंडी शिडी, वर पत्र्याची खोली, तिथे वेगळा संसार. खाली पडद्याच्या पलीकडे मालकाचा धाकटा भाऊ, बायको-मुलांसकट, त्यांचा स्वयंपाक निराळा. पोटमाळ्यावर पाळ्या लावून झोपणारे तीन कामगार. फॉर्मवर मात्र रकाना एकच, 'कुटुंबप्रमुखाचं नाव'. मालक सांगतो, सगळं आमचंच आहे, एकच कुटुंब. भाडेकरूची नोंद झाली तर उद्या त्याचा हक्क उभा राहील ही त्याची धास्ती. भाडेकरू शेजारीच उभा असतो आणि गप्प असतो, कारण तोंड उघडलं तर महिन्याच्या आत खोली खाली करावी लागेल. सर्वेक्षण करणाऱ्या पोराला दिवसभरात अमुक इतकी घरं संपवायची असतात. तो एक ओळ भरतो आणि पुढे जातो.

त्या एका ओळीत तीन संसार आणि तीन बिऱ्हाडकरू यांचं एक घर होतं. पुढे इमारतीचे मजले, घरांची संख्या, पाण्याच्या टाकीचं माप, अंगणवाडी लागणार की नाही, हे सगळं त्या ओळीवरून निघतं. नंतर कितीही हुशार डिझायनर आला तरी यादीतून गळलेल्या माणसाला प्लॅनमध्ये जागा देता येत नाही.

इथे आर्किटेक्टचं काम असतं आणि ते अगदी ठोस असतं. फॉर्म आपण तयार करायचा. दारं मोजायची नाहीत, चुली मोजायच्या. जिने, शिड्या, वीजमीटर, पाण्याचे ड्रम यांची नोंद घ्यायची, कारण माणसं लपवली जातात, पण चूल आणि शिडी लपवता येत नाही. प्रत्येक घराचा हाताने काढलेला, मापं टाकलेला छोटा आराखडा फॉर्मच्या पाठीमागे असला पाहिजे. भाडेकरूशी बोलणं मालकासमोर नाही, वेगळ्या वेळी, आणि शक्यतो बायकांशी बायकांनी बोलावं. कच्ची यादी वस्तीत सर्वांना दिसेल अशी लावायची आणि हरकतींना खरीखुरी मुदत द्यायची. घर पुढे नवरा-बायको दोघांच्या नावावर व्हायचं असेल तर त्याची तजवीज या फॉर्ममध्येच करावी लागते. वाटपाच्या दिवशी ती होत नाही. हे काम रटाळ आहे, पोर्टफोलिओत दाखवण्यासारखं त्यात काही नाही. माझ्या मते या क्षेत्रातला आर्किटेक्ट ओळखायचा तो त्याच्या सर्वेक्षणाच्या फॉर्मवरून.

जमिनीचं उदाहरण या क्षेत्रात सर्वांना माहीत असलेलंच घेऊ. चिलीच्या इकिके शहरातला किंता मोनरॉय प्रकल्प, आर्किटेक्ट अलेहांद्रो अरावेना आणि त्यांचा एलेमेंताल हा गट, २००४ साल. 'अर्धं घर' म्हणून तो जगभर गाजला. पण अर्धं घर ही कल्पना कशातून आली हे फार थोडे सांगतात. शहराच्या मध्यभागी अर्ध्या हेक्टरवर शंभरेक कुटुंबं तीस वर्षं बेकायदा राहत होती. सरकारी अनुदान दर कुटुंबामागे ७,५०० डॉलर, आणि त्यातच जमीन, सोयी आणि घर असं तिन्ही भागवायचं. अशा घरांसाठी एरवी जी जमीन परवडते तिच्या तिप्पट या जागेचा भाव होता. नेहमीची वाट म्हणजे सगळ्यांना शहराबाहेरच्या स्वस्त जागेवर हलवायचं आणि पूर्ण घर द्यायचं. त्यांनी उलट केलं. जागा सोडायची नाही हे आधी पक्कं केलं आणि उरलेल्या पैशात घराचा जो भाग कुटुंबाला स्वतः नीट बांधणं कठीण असतं तेवढा बांधला: सांगाडा, जिने, सामायिक भिंती, स्वयंपाकघर, न्हाणीघर. शेजारी मोकळी पोकळी ठेवली. सुमारे ३६ चौरस मीटरचं घर कुटुंबाने आपल्या ऐपतीने भरत भरत ७० च्या आसपास न्यायचं.

शहराच्या मध्यावरची जागा टिकली म्हणजे काय टिकलं? कामाची ठिकाणं, शाळा, दवाखाना, उधारीवर माल देणारा ओळखीचा दुकानदार, घरकाम करणाऱ्या बाईची पायी जाता येतील अशी घरं. गरीब कुटुंबाची मिळकत या जाळ्यावर चालते. दूरच्या पूर्ण घरात हे सगळं तुटतं, आणि मग ती घरं विकून किंवा कुलूप लावून माणसं परत शहरात येतात. 'घर दिलं तरी विकून टाकतात' अशी तक्रार ऐकलीत तर आधी नकाशा काढा आणि घर ते काम हे अंतर मोजा.

अर्ध्या घरावर टीकाही आहे. सरकारने अर्धी जबाबदारी लोकांच्या गळ्यात टाकली, असं म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. ज्या कुटुंबात कमावतं माणूस नाही किंवा आजारपण आहे तिथे दुसरं अर्धं कधी उभंच राहत नाही. मला हा मार्ग पटतो तो एका अटीवर: वाचवलेला पैसा जागेसाठी गेला पाहिजे. दूरच्या जागेवर अर्धं घर देणं म्हणजे दोन्हीकडून लुबाडणं.

पैशाच्या जुळणीसाठी इंदूरच्या अरण्य वसाहतीचा अभ्यास करा. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी आणि त्यांचं वास्तुशिल्प फाउंडेशन यांनी १९८० च्या दशकात केलेली ही योजना, सुमारे साडेसहा हजार भूखंडांची. दुर्बल गटाला भूखंड, जोतं आणि नळ-शौचालयाचा गाभा द्यायचा, वरचं घर त्यांनी वाढवत न्यायचं. कसं वाढवता येईल ते दाखवायला नमुन्याची ८० घरं बांधली. फोटो त्या ८० घरांचेच छापले जातात. मला त्यात जास्त मोलाचं वाटतं ते भूखंडांचं गणित: वरच्या उत्पन्न गटाचे आणि व्यापारी भूखंड बाजारभावाने विकायचे आणि त्या नफ्यातून छोट्या भूखंडांची किंमत खाली आणायची, तेही सगळ्यांना एकाच वसाहतीत ठेवून. १९९५ साली या योजनेला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. असं गणित मांडायला आर्किटेक्टला अंदाजपत्रक वाचता आलं पाहिजे, कुठल्या टप्प्यावर पैसा आत येतो आणि कधी बाहेर जातो ते कळलं पाहिजे. एक्सेलचा कंटाळा असेल तर या क्षेत्रात तुमचा निर्णय कायम दुसराच कुणी घेईल.

देखभालीचं सर्वांत कडू उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या सेंट लुइसची प्रुइट-आयगो वसाहत. अकरा मजल्यांच्या ३३ इमारती, १९५० च्या दशकाच्या मध्यात पुऱ्या झाल्या, १९७२ पासून पाडायला घेतल्या आणि १९७६ पर्यंत एकही उरली नाही. पुढे कित्येक वर्षं विद्यार्थ्यांना हे आधुनिक वास्तुकलेचं अपयश म्हणून शिकवलं गेलं. आराखड्यात काटकसरीच्या खुणा होत्याच. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नव्हती. पण गळा कुठे आवळला गेला ते हिशेबात दिसतं. बांधायला केंद्राचा पैसा होता, देखभाल मात्र रहिवाशांच्या भाड्यातून व्हायची. त्याच काळात शहराची लोकसंख्या घटत गेली, उद्योग आणि गोरा मध्यमवर्ग उपनगरांत निघून गेले, वसाहतीत उरलेले भाडेकरू आणखी गरीब होत गेले. भाडं वाढवलं तर लोक देऊ शकत नाहीत आणि वाढवलं नाही तर लिफ्ट दुरुस्त होत नाही. १९६९ मध्ये रहिवाशांनी भाडेबंदीचा संप केला. तोवर रिकाम्या घरांच्या खिडक्या फुटल्या होत्या.

म्हणून कुठल्याही गृहप्रकल्पात मी पहिल्या बैठकीत विचारतो, की पंधरा वर्षांनी पाण्याचा पंप जळाला तर नवा कोण आणणार. त्याचं उत्तर नावासकट आणि रकमेसकट मिळत नसेल तर चार मजल्यांच्या वर जायला मी तयार नसतो. दाटी वाढवायची असेल तर कमी उंचीतही बरंच साधतं, फक्त डोकं जास्त चालवावं लागतं.

आता प्रमाणकांबद्दल, म्हणजे बांधकामासाठी ठरवून दिलेल्या मापांबद्दल आणि अटींबद्दल. आपल्याला शाळेपासून शिकवलेलं असतं की प्रमाणक म्हणजे किमान गुणवत्ता, त्याखाली जायचं नाही. कराचीच्या ओरंगी वस्तीत १९८० साली अख्तर हमीद खान यांनी सुरू केलेल्या कामाने या समजुतीला चांगलाच धक्का दिला. तिथे मलनिस्सारणाची वाहिनी नव्हती, सरकारी दराने ती परवडणारी नव्हती. त्यांनी गल्ली हा घटक धरला. गल्लीतल्या घरांनी पैसे काढायचे, आपला एक प्रमुख निवडायचा; प्रकल्पाची तांत्रिक माणसं मोजणी करून देणार, पातळी काढून देणार, अवजारं देणार आणि कामावर नजर ठेवणार. गल्लीतलं गटार लोकांचं, मुख्य वाहिनी आणि शुद्धीकरण सरकारचं, अशी वाटणी. कंत्राटदाराचा नफा गेला, गरजेपेक्षा खोल खणणं आणि अवाढव्य चेंबर गेले, आणि खर्च लोकांच्या आवाक्यात आला. उतार मात्र सोडला नाही, कारण उतार चुकला तर गटार तुंबणारच. कुठली अट पाण्याच्या स्वभावातून आली आहे आणि कुठली फक्त सरकारी दरांच्या यादीतून आली आहे, हे ओळखता येणं हे मोठं कौशल्य आहे.

या कामात आरिफ हसन आणि पर्वीन रहमान हे दोन आर्किटेक्ट होते. रहमान यांच्या कामाचा गाभा म्हणजे नकाशे. लोकांनी आधीच घातलेली गटारं, नैसर्गिक नाले, पाणी कुठून कुठे जातं आणि टँकरवाले ते कुठून उचलतात, हे सगळं त्यांनी तरुण मुलांना हाताशी धरून कागदावर आणलं. सरकारी नकाशात रिकामी दिसणारी जागा प्रत्यक्षात वस्तीने आणि लोकांनी स्वतः घातलेल्या वाहिन्यांनी भरलेली आहे, हे त्यातून सिद्ध झालं. १३ मार्च २०१३ रोजी त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. जमिनीचा खरा नकाशा काढणं हे काहींच्या धंद्याच्या मुळावर येतं. प्रत्येक ठिकाणी धोका इतका नसतो, पण अजिबात नसतो असंही नाही. एकट्याच्या नावावर नकाशे ठेवू नका. त्यांच्या प्रती वस्तीकडे, विद्यापीठाकडे, सहकाऱ्यांकडे असू द्या.

लोकसहभाग हा शब्द आता इतका गुळगुळीत झाला आहे की निविदेतही छापील येतो. अमेरिकेत शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्येच सहभागाच्या आठ पायऱ्या मांडल्या होत्या. सर्वांत खालच्या पायरीवर लोकांची दिशाभूल, सर्वांत वर त्यांच्या हाती सत्ता. बहुतेक बैठका मधल्या पायऱ्यांवर रेंगाळतात: माहिती दिली, मतं घेतली, सह्या घेतल्या, संपलं. बैठक खरी होती का हे तपासायची माझी पद्धत सोपी आहे. बैठकीआधीचा प्लॅन आणि नंतरचा प्लॅन एकावर एक ठेवायचे. एकही रेघ हलली नसेल तर ती बैठक नव्हती, कार्यक्रम होता.

रेघ हलावी असं वाटत असेल तर लोकांना प्लॅन दाखवू नका. मोकळ्या मैदानावर चुन्याने घर खऱ्या मापात आखा. भिंती म्हणजे पांढऱ्या रेघा, दरवाजा म्हणजे सोडलेली फट. मग सामान आणायला सांगा: खाट, ट्रंक, शिलाई मशीन, पाण्याचं पिंप. अशा आखणीत एकदा एका बाईंनी मशीन नेमकं दाराच्या फटीत ठेवलं. आम्ही म्हटलं, इथे तर दार उघडतं. त्या म्हणाल्या, 'उजेड इथेच आहे, मी बसणार इथेच, दार तुम्ही हलवा.' मागच्या भिंतीतली खिडकी शेजारच्या इमारतीमुळे अंधारी राहणार होती हे कागदावर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. थोड्याच वेळात दुसरा गट स्वयंपाकाच्या ओट्यावरून भांडू लागला, तिसऱ्याने न्हाणीघराच्या रेघा पायाने पुसून बोटाने नव्या काढल्या. चुना पुसता येतो, छापलेला प्लॅन पुसायचं धाडस सहसा कुणी करत नाही.

ज्यांना विचारायचं कुणाला सुचत नाही, त्यांच्यासाठी व्हिएन्नाचं उदाहरण आहे. १९९० च्या दशकात तिथल्या पालिकेने सार्वजनिक बागा कोण वापरतं ते मोजलं आणि दिसलं, की नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुली बागेतून जवळजवळ गायब होतात. मोठं मोकळं मैदान मुलं व्यापून टाकत होती. मग काही बागा बदलल्या: मोठ्या जागेचे लहान भाग केले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली, वाटा आणि बसायच्या जागा वाढवल्या. मुली परत आल्या. यात कुठलीही देखणी वास्तू नाही. कोण येत नाही, हे मोजायचं कुणाला तरी सुचलं, एवढंच.

आणि कधी कधी काहीच न बांधणं हा योग्य सल्ला असतो. फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या लेओं ओकोक या छोट्या चौकाच्या सुशोभीकरणाचं काम १९९६ मध्ये ॲन लाकातों आणि जाँ-फिलिप वासाल या आर्किटेक्ट जोडीकडे आलं. त्यांनी पाहणी केली, लोकांशी बोलले आणि कळवलं: चौक छान आहे, खडी बदला, झाडांची निगा राखा, साफसफाई वेळच्या वेळी करा. पुढे त्याच शहरात ग्राँ पार्क वसाहतीतल्या ५३० घरांना, रहिवाशांना न हलवता, बाहेरच्या बाजूने काचबंद सज्जे जोडून त्यांनी घरं ऐसपैस केली. पाडून नवं बांधण्याच्या मागे लागलेल्या प्रत्येक पालिकेला हे काम दाखवावं. २०२१ मध्ये या दोघांना प्रित्झकर हा वास्तुकलेतला सर्वांत मानाचा पुरस्कार मिळाला.

सुधारणा झाली की जागेचा भाव चढतो आणि ज्यांच्यासाठी सुधारणा केली तेच बाहेर फेकले जातात. हा धोका प्वेर्तो रिकोच्या सान हुआनमधल्या कान्यो मार्तिन पेन्या खाडीकाठच्या वस्त्यांनी आधीच ओळखला. खाडीतला गाळ निघाला की इथे बिल्डर येणार, हे त्यांना दिसत होतं. २००४ च्या कायद्याने जमीन एका सामुदायिक न्यासाकडे गेली. घर कुटुंबाचं, जमीन सर्वांची. नुसती घरं विकता येतात, वस्तीखालची जमीन विकता येत नाही. आर्किटेक्टला असा न्यास, सहकारी संस्था, सामूहिक भाडेपट्टा यांतला फरक समजला पाहिजे. वकिलाकडे जाण्याआधी निदान प्रश्न तरी नीट मांडता यावा इतका.

आता पोटापाण्याचं. मोठ्या खासगी फर्मइतका पैसा यात नाही, हे घरच्यांना आधीच स्पष्ट सांगून टाका. मार्ग मात्र अनेक आहेत, आणि त्यातल्या सर्वांत दुर्लक्षित मार्गाला मी पहिला नंबर देतो: सरकारी किंवा पालिकेची नोकरी. कोलंबियातल्या मेदेयीनमध्ये २००४ ते २००७ या काळात सर्हियो फाहार्दो महापौर असताना डोंगरावरच्या वस्त्यांमध्ये जे काम झालं, ते अलेहांद्रो एचेवेरी या आर्किटेक्टने पालिकेच्या नागरी विकास कंपनीत बसून चालवलं. केबल कारच्या स्टेशनांच्या आसपास शाळा, जिने, पूल, नाल्याकाठची घरं ही कामं एकाच वस्तीत एकाच वेळी येतील अशी आखली. हुआन बोबो नाल्याच्या काठी कुटुंबांना त्याच वस्तीत नवी घरं दिली. त्याच शहरातलं गाजलेलं एस्पान्या ग्रंथालय दहा वर्षांच्या आत बांधकामातल्या दोषांमुळे बंद करावं लागलं. मासिकांच्या मुखपृष्ठांवर मात्र तेच होतं. पालिकेत फाइल सरकत नाही, बदल्या होतात, वरिष्ठ बदलला की प्राधान्यक्रम बदलतो. तरी यादी, जमीन आणि वेळापत्रक ठरतं ते तिथेच.

दुसरा मार्ग कायद्याने तयार केलेल्या जागांचा. उरुग्वेत १९६८ च्या गृहनिर्माण कायद्यामुळे श्रमदानातून घरं बांधणाऱ्या सहकारी संस्थांना तांत्रिक साहाय्य संस्था नेमाव्या लागतात. आर्किटेक्ट, वकील, समाजकार्यकर्ता, हिशेबनीस एकत्र असतात आणि फी प्रकल्पाच्या कर्जातून मिळते. ब्राझीलने २००८ मध्ये कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना घराच्या आराखड्यासाठी मोफत तांत्रिक मदतीचा हक्क कायद्याने दिला. थायलंडमध्ये २००३ पासून बान मानकोंग योजनेत वस्तीच्या बचत गटांना सामूहिक कर्ज मिळतं आणि त्यांच्याबरोबर काम करणारे आर्किटेक्ट नेमले जातात; ती योजना उभी करणाऱ्या सोमसुक बूनयाबांचा स्वतः आर्किटेक्ट. तुमच्याकडे असा कायदा नसेल तर तो व्हावा म्हणून खटपट करणं हेही याच करिअरचं काम आहे.

तिसरा मार्ग स्वतःच्या ऑफिसचा. त्यात नेहमीची काही कामं शिल्लक ठेवा, कारण सरकारी बिलं थकतात आणि पगार दर महिन्याला द्यावे लागतात. करारात सर्वेक्षणाची आणि लोक राहायला आल्यानंतरच्या पाहणीची फी वेगळी दाखवा. ही दोन कामं फुकट केली की पुढच्या वेळी ती फुकटच धरली जातात, आणि घाईगर्दीत सर्वांत आधी कापली जातात तीही हीच. दहा वर्षांत प्रकल्प कमी होतील, चालेल. एकाच वस्तीत दहा वर्षं राहिलेल्या आर्किटेक्टचा शब्द बैठकीत जितका चालतो तितका दहा शहरांत हिंडलेल्याचा चालत नाही.

पदवी लगेच घेऊ नका. आधी दोन-तीन वर्षं एखाद्या गृहनिर्माण संस्थेत किंवा पालिकेच्या पुनर्वसन खात्यात काढा. मग जमीन-कायदा, नागरी अर्थव्यवस्था की पाणी-मलनिस्सारण, यांतलं काय शिकायचं ते तुम्हालाच कळेल. स्टुडिओवर भर असलेला आणखी एक डिझाइन अभ्यासक्रम घेण्यात मला अर्थ दिसत नाही, ते तुम्हाला येतंच. नोकरीच्या मुलाखतीला गेलात की दोन प्रश्न विचारा. तुमच्या जुन्या प्रकल्पात यादीतली किती कुटुंबं आज तिथेच राहतात? आणि सर्वेक्षणाचा फॉर्म बघायला मिळेल का? पहिल्याला आकड्यात उत्तर आलं आणि दुसऱ्यावर समोरच्याने कपाटातून फाइल काढली, तर पगार थोडा कमी असला तरी ती नोकरी घ्या.